‘युद्धोत्तर’ म्हणजे नेमकं कुठल्या युद्धानंतर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेच्या इतिहासावरचं एक पुस्तक मराठीत आणताय. त्यात ‘पोस्टबेलम’ हा शब्द पानोपानी येतो. कोशात त्याला ‘युद्धोत्तर’ दिलंय आणि ‘पोस्टवॉर’लाही ‘युद्धोत्तर’च दिलंय. मग दोन्हीकडे एकच शब्द ठेवला तर चालेल का? आणि हा काळ सुरू कधी होतो, संपतो कधी?

पहिल्याचं उत्तर लगेच देते: चालणार नाही. कोश चुकलेला नाही, शब्दाचा अर्थ त्यानं बरोबर दिलाय. पण इंग्रजीत या दोन्ही शब्दांच्या पोटात एकेक ठरावीक युद्ध आहे, आणि ते कुठलं हे तिथल्या वाचकाला न सांगता कळतं. ‘पोस्टबेलम’च्या पोटात अमेरिकेतलं १८६१ ते १८६५ चं यादवी युद्ध, ‘पोस्टवॉर’च्या पोटात बहुतेक वेळा दुसरं महायुद्ध. आपण दोन्हीकडे ‘युद्धोत्तर’ लिहितो तेव्हा आतला दाणा काढून वाचकाच्या हातात टरफल ठेवतो.

हे मी शिकले ते एका पोस्टकार्डामुळे. इंग्रजी आणि जपानीतून मराठीत भाषांतर करायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. अगदी सुरुवातीच्या दिवसांत ब्रिटनमधल्या घरबांधणीवरचा एक लेख केला होता. त्यात ‘युद्धोत्तर घरे’, ‘युद्धोत्तर टंचाई’, ‘युद्धोत्तर पिढी’ असं मी बिनधास्त लिहीत गेले. लेख छापून आल्यावर सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त सैनिकाचं कार्ड आलं. मजकूर दोनच ओळींचा: लेख आवडला, पण हे युद्ध पासष्टचं की एकाहत्तरचं? त्यांच्या आयुष्यात ‘युद्ध’ म्हटलं की ती दोनच होती, आणि दोन्हींत ते स्वतः होते. लेख ब्रिटनवरचा असला तरी ‘युद्ध’ हा शब्द त्यांच्या कानावर त्यांच्याच युद्धाचं नाव घेऊन पडला. चूक माझी होती. तेव्हापासून प्रूफ तपासताना ‘युद्धोत्तर’ दिसलं की समासात पेन्सिलीनं दोन शब्द लिहिते: कुठल्या? कुणाच्या?

आता शब्दाची घडण पाहू, कारण तिथेही गोंधळ होतो. युद्ध अधिक उत्तर, म्हणजे युद्धोत्तर. जसं मरणोत्तर, विवाहोत्तर, स्वातंत्र्योत्तर. ‘पदव्युत्तर’ही त्याच घरातला, फक्त संधी वेगळा. या सगळ्यांत ‘उत्तर’ मागे जोडलाय आणि अर्थ आहे ‘ते संपल्यावर’. तोच ‘उत्तर’ पुढे जोडला की अर्थ फिरतो. उत्तरपेशवाई म्हणजे पेशवाईचाच नंतरचा भाग; पेशवाई बुडाल्यानंतरचा काळ नव्हे. उत्तरार्ध, उत्तरायुष्य, उत्तररात्र, सगळीकडे तेच: गोष्ट अजून चालू आहे, आपण तिच्या दुसऱ्या टप्प्यात आहोत. म्हणून हस्तलिखितात ‘उत्तरयुद्धकालीन’ असं कुणी लिहिलं तर मी थांबते. लेखकाला १९४४-४५ म्हणायचंय की १९४६? बहुतेक वेळा १९४६ म्हणायचं असतं. ‘उत्तर-आधुनिक’ या शब्दानं ही शिस्त मोडली हे खरं, पण तो एका विचारप्रवाहाचं नाव म्हणून रुळला आहे. त्याच्या बळावर नवे शब्द पाडू नयेत.

‘युद्धपश्चात’ असाही शब्द अलीकडे दिसतो. ‘प्रसूतिपश्चात काळजी’ या धर्तीवर तो आला असावा. लगेच करायच्या उपायांसाठी, म्हणजे युद्धपश्चात मदत किंवा युद्धपश्चात उपचार इथपर्यंत तो खपतो. कालखंडासाठी मी तो वापरत नाही. आणि बोलण्यातली भाषा असेल, कुणा म्हाताऱ्या माणसाची आठवण असेल, तर ‘युद्धोत्तर’ अजिबात नको. आमच्या आधीच्या पिढ्या ‘लढाई’ म्हणत. ‘लढाई संपली तरी रॉकेल मिळत नव्हतं’ या वाक्यात ‘युद्धोत्तर काळातही’ घातलं की बोलणारं माणूस उठून जातं आणि तिथे सरकारी अहवाल येऊन बसतो.

‘पोस्टबेलम’ मुळात लॅटिन. ‘बेलम’ म्हणजे युद्ध, ‘अँटे’ म्हणजे आधी, ‘पोस्ट’ म्हणजे नंतर. लॅटिनमध्ये आणि कायद्याच्या भाषेत तो कुठल्याही युद्धाला लागतो. ‘स्टेटस क्वो अँटे बेलम’ हा तहातला जुना संकेत आहे: युद्धाआधी जो जिथे होता तिथे त्यानं परत जायचं. १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारात भारत आणि पाकिस्तान यांनी ५ ऑगस्ट १९६५ च्या आधीच्या ठिकाणी सैन्य मागे घ्यायचं ठरवलं, ती याच संकेताची तऱ्हा. तसंच ‘जुस पोस्ट बेलम’ म्हणजे युद्ध संपल्यावर जेत्यानं आणि जितानं कसं वागावं याचं न्यायशास्त्र. इथे ‘युद्धोत्तर न्याय’ हे भाषांतर चोख बसतं, कारण कुठल्याच ठरावीक युद्धाकडे बोट नाही. म्हणजे दोष शब्दात नाही. त्याला जागा कुठली दिली, एवढाच प्रश्न आहे.

अमेरिकेत मात्र हे दोन शब्द जवळजवळ विशेषनामं झाले आहेत. ‘अँटेबेलम’ म्हणजे यादवीच्या आधीची दक्षिणेकडची राज्यं: कापसाचे मळे, पांढऱ्या खांबांचे वाडे, आणि त्या वाड्यांमागे १८६० च्या जनगणनेत नोंदलेले ३९ लाखांहून अधिक गुलाम. पर्यटनाच्या पुस्तिकांमध्ये हा शब्द वाड्यांच्या शोभेसाठी वापरला जातो आणि गुलाम त्यातून गळून पडतात. म्हणूनच तिथल्या एका नामवंत गायकवृंदानं २०२० मध्ये आपल्या नावातून तो शब्द काढला. आपण ‘युद्धपूर्व’ लिहिलं की वाडेही गेले आणि गुलामही गेले. तुमच्या पुस्तकाचा लेखक जिथे हा शब्द विचारपूर्वक वापरतो, तिथे मी ‘यादवीपूर्व’ लिहीन. आणि जिथे समाजव्यवस्थेबद्दल चाललंय तिथे सरळ ‘गुलामगिरीच्या काळातला’ लिहायलाही कचरणार नाही.

‘यादवी’ हा आपला शब्द इथे फार उपयोगी पडतो. भारती युद्धानंतर ३६व्या वर्षी प्रभासक्षेत्री यादव आपापसात लढून संपले, ती मौसलपर्वातली कथा त्याच्या मागे आहे. ‘अंतर्गत युद्ध’ किंवा ‘नागरी युद्ध’ यापेक्षा तो आपल्या कानाला लगेच कळतो. तेव्हा ‘पोस्टबेलम’ला माझा नेहमीचा शब्द: यादवीनंतरचा. चारदोनदा ‘यादवी युद्धानंतरच्या दक्षिणेत’ असं पूर्ण लिहिलं की पुढे ‘यादवीनंतर’ पुरतं.

तुम्ही पाठवलेल्या नमुन्यातलं हे वाक्य घेते: ‘युद्धोत्तर काळात दक्षिणेकडील जमीनदारांची पत घसरली.’ व्याकरण निर्दोष. पण मराठी वाचकाला ‘दक्षिण’ म्हणजे आधी दख्खन किंवा मद्रासकडचा मुलूख, ‘युद्धोत्तर’ म्हणजे १९४५ नंतर, आणि ‘जमीनदार’ म्हणजे कूळकायद्याआधीचे. तिन्ही शब्दांनी त्याला तीन वेगळ्या गावांना नेऊन सोडलं. त्याऐवजी: ‘यादवी संपली आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या मळेवाल्यांना कुणी उधार देईना.’ थोडं लांबलं, पण माणूस योग्य जागी पोचला.

आणखी एक काळजी घ्या. ‘रिकन्स्ट्रक्शन’ आणि ‘पोस्टबेलम’ हे एकमेकांच्या जागी वापरू नका. रिकन्स्ट्रक्शन म्हणजे १८६५ ते १८७७ चं पुनर्रचनेचं पर्व. गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ ची, नागरिकत्व देणारी चौदावी १८६८ ची, वंशावरून मताधिकार नाकारायला बंदी करणारी पंधरावी १८७० ची. १८७७ मध्ये दक्षिणेत उरलेल्या केंद्रीय फौजा तिथल्या राजकारणातून बाजूला झाल्या आणि ते पर्व मिटलं. पोस्टबेलम मात्र पुढे शतकाच्या अखेरीपर्यंत चालतो. त्यात मुक्त झालेली कुटुंबं पुन्हा त्याच मळ्यांवर अर्धेलीनं जमीन कसू लागतात, दुकानदाराच्या वहीत अडकतात आणि मताचा हक्क एकेका राज्यात हिरावला जातो. ‘शेअरक्रॉपिंग’ला आपल्याकडे ‘अर्धेली’, ‘बटई’ हे जिवंत शब्द आहेत. ‘पीकवाटप पद्धती’ लिहू नका.

ही यादवी आपल्यापासून वाटते तितकी लांब नाही. युद्धात अमेरिकेचा कापूस अडला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर दिवसागणिक चढले. प्रेमचंद रायचंदांनी दिलेल्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला, ती त्या तेजीची आजही दिसणारी खूण. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांनी शरणागती पत्करली. ती बातमी मुंबईत आली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायदे मिटवायचा दिवस पेढ्यांवर पेढ्या बुडवून गेला, आणि बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. कापसाचा तो चढउतार दख्खनच्या शेतकऱ्याच्या कर्जातही उतरला. वाढवलेला शेतसारा आणि सावकारी यांच्या जोडीनं १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे लोकांनी सावकारांची कागदपत्रं जाळली, त्यामागचं ते एक कारण धरलं जातं. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कर्जकायदा त्यातून आला. म्हणून तुमच्या प्रस्तावनेत मराठी वाचकासाठी एक परिच्छेद जरूर घाला: हा ‘पोस्टबेलम’ सुप्यापर्यंत आला होता. ‘युद्धोत्तर’ लिहिलंत तर हा धागा दिसणारच नाही.

आता दुसरा प्रश्न, हा काळ संपतो कधी. याचं उत्तर मला जपानी शब्दानं शिकवलं, म्हणून तिकडे जरा रेंगाळते. पुण्यात जपानी शिकणाऱ्या कुणालाही ‘सेंगो’ हा शब्द फार लवकर भेटतो. ‘सेन’ म्हणजे लढाई, ‘गो’ म्हणजे नंतर. आधीचा काळ ‘सेन्झेन’, युद्धातला ‘सेन्चू’, नंतरचा ‘सेंगो’. शब्दशः आपल्या ‘युद्धोत्तर’सारखाच, पण त्यातलं युद्ध एकच आणि त्याची सुरुवात एका दिवसाशी बांधलेली: १५ ऑगस्ट १९४५, सम्राटाचा आवाज रेडिओवर ऐकू आला तो दिवस. त्या दिवसालाही दोन नावं आहेत. ‘शूसेन’ म्हणजे युद्धाचा शेवट आणि ‘हाइसेन’ म्हणजे पराभव. सरकारी आणि रोजच्या भाषेत शूसेन चालतं. मुद्दाम ‘हाइसेन’ लिहिणारा लेखक सांगत असतो की युद्ध आपोआप संपलं नाही, आपण हरलो. मराठीत दोन्हीला ‘महायुद्ध संपलं’ करणं म्हणजे लेखकाचं मत पुसणं.

या सेंगोचा शेवट लोकांनी अनेकदा जाहीर केला. २८ एप्रिल १९५२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोचा तह अमलात आला, परक्या फौजांचा अंमल उठला; काहींच्या मते तिथे संपला. १९५६ च्या सरकारी आर्थिक श्वेतपत्रिकेत ‘मोहाया सेंगो दे वा नाई’ हे वाक्य आलं आणि गाजलं: आता ‘सेंगो’ राहिलेलं नाही. पुष्कळजण ते अभिमानाचं वाक्य म्हणून उद्धृत करतात. पुढचा मजकूर वाचला तर सूर इशाऱ्याचा आहे: पडझड भरून काढताना आपोआप होणारी वाढ संपली, यापुढे आधुनिकीकरणाचे कष्ट करावे लागतील. मग १९६५ मध्ये पंतप्रधान सातो तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या ओकिनावाला गेले आणि म्हणाले की ओकिनावा मायदेशी परतत नाही तोवर आपलं सेंगो संपलेलं नाही. ओकिनावा परत आलं १५ मे १९७२ रोजी. म्हणजे तोक्योतल्या कारकुनासाठी जे १९५६ ला संपलं ते ओकिनावाच्या राजधानीत, नाहात, राहणाऱ्या दुकानदारासाठी आणखी सोळा वर्षं चाललं, कारण त्याच्या खिशात तोवर अमेरिकी डॉलर होते. आणि एवढं होऊनही १९९५ मध्ये पंतप्रधान मुरायामा यांचं निवेदन ‘सेंगो ५०’ला आलं आणि २०१५ मध्ये आबे यांचं ‘सेंगो ७०’ला. जपान अजूनही या शब्दानं वर्षं मोजतो, जसा आपण शक मोजतो.

याला मराठीत काय करायचं? साधं वर्णन असेल तर ‘१९४५ नंतरचा जपान’. परक्या फौजांच्या ताब्याच्या काळाबद्दल असेल तर तसं स्पष्ट. आणि जिथे भांडणच या शब्दावरून चाललंय तिथे ‘सेंगो’ हाच शब्द ठेवून पहिल्या वेळी अर्थ सांगते. तिथे ‘युद्धोत्तर’ घातलं तर ‘आता युद्धोत्तर राहिलेलं नाही’ असं मराठीत उभं न राहणारं वाक्य तयार होतं. जाता जाता: क्योतोच्या जुन्या घराण्यांत ‘मागच्या युद्धात आमचं घर जळलं’ म्हणजे १४६७ ते १४७७ चं ओनिन युद्ध, असं तिथले लोक हसत सांगतात. त्या सातारकर सैनिकाचा प्रश्न तिथेही तितकाच रास्त ठरला असता.

इटालियन भाषेनं ही अडचण सोपी करून टाकलीये. तिथे पहिला ‘दोपोग्वेर्रा’ आणि दुसरा ‘दोपोग्वेर्रा’ असे क्रमांक लावतात. पहिल्या महायुद्धानंतरचा वेगळा, दुसऱ्यानंतरचा वेगळा. मराठीत हे सहज जमतं: ‘पहिल्या महायुद्धानंतर’, ‘दुसऱ्या महायुद्धानंतर’. १९१८ ते १९३९ साठी ‘आंतरयुद्धकालीन’ हा शब्द मात्र टाळा. पुरेशा घाईत वाचणाऱ्याला तो ‘अंतर्गत युद्धाच्या काळातला’ असा दिसतो आणि अर्थ थेट उलटतो. ‘दोन महायुद्धांमधला काळ’ लिहिलं की प्रश्नच मिटतो.

काही ठिकाणी तर ‘उत्तर’ हेच वादाचं असतं. कोरियात २७ जुलै १९५३ रोजी युद्धबंदी झाली, शांततेचा तह आजवर झालेला नाही. लढाई थांबल्यानंतरचा समाज म्हणून ‘युद्धोत्तर’ लिहिता येतं, कायदेशीर अर्थानं नाही. एका ओळीत हे सांगावं. श्रीलंकेत मे २००९ मध्ये यादवी युद्ध संपलं, त्यानंतरच्या काळाला ‘युद्धोत्तर’ म्हणणारे आणि ‘संघर्षोत्तर’ म्हणणारे वेगळे असतात. पहिले म्हणतात, बंदुका थांबल्या पण ज्या कारणानं त्या उचलल्या गेल्या ते तसंच आहे. असा लेखक भाषांतरित करताना दोन्हींना एकच शब्द दिला तर त्याचा सगळा मुद्दाच बुडतो. तिथे मी ‘युद्धोत्तर’ आणि ‘संघर्षोत्तर’ हे दोन्ही शब्द अक्षरशः पाळते, बोजड वाटले तरी.

मग ‘युद्धोत्तर’ बिनधास्त कुठे वापरावा? आपल्याच इतिहासात त्याची एक हक्काची जागा आहे, आणि ती विसरली जातेय याचं मला वाईट वाटतं. १९४३-४४ मध्ये हा शब्द हिंदुस्थानात भविष्यकाळाचा होता. युद्ध चालू होतं आणि ‘युद्धोत्तर पुनर्रचने’च्या योजना आखल्या जात होत्या. जानेवारी १९४४ मध्ये उद्योगपतींचा बॉम्बे प्लॅन आला. त्याच वर्षी शिक्षणाचा सार्जंट अहवाल आला, त्याच्या नावातच युद्धोत्तर विकास होता. डॉ. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. पुनर्रचनेच्या समित्यांमध्ये पाटबंधारे आणि वीज हा विषय त्यांच्याकडे होता आणि दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी तिथे झाली. मग १५ ऑगस्ट १९४७ आला आणि ‘स्वातंत्र्योत्तर’ या शब्दानं सगळी जागा व्यापली. १५ ऑगस्ट १९४५ ते १५ ऑगस्ट १९४७ ही बरोबर दोन वर्षं आपली खरी युद्धोत्तर वर्षं. सैन्यातून कमी केलेले लाखो जवान, शिधावाटप, महागाई, आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईतल्या ‘तलवार’ या नौदलाच्या तळावरून पेटलेला नाविकांचा उठाव. त्यात वाईट अन्न आणि अपमान होता, तशी युद्ध संपल्यावर नोकरी संपण्याची धास्तीही होती. या दोन वर्षांबद्दल लिहिताना ‘स्वातंत्र्यपूर्व’ एवढंच लिहिलं तर ती १९३० सालाशेजारी जाऊन बसतात. इथे ‘युद्धोत्तर’च हवा, आणि तोही न बिचकता.

तुमच्या पुस्तकाचं म्हणाल तर माझी सूचना अशी. पहिल्या प्रकरणात ‘यादवी युद्ध (१८६१-६५)’ हे एकदा ठळक येऊ द्या. १८७७ पर्यंतच्या प्रकरणांत ‘पुनर्रचनेचं पर्व’, त्यानंतर ‘यादवीनंतरची दक्षिण’. लेखक मुक्त झालेल्या माणसांच्या बाजूनं बोलतो तिथे ‘मुक्तीनंतर’ लिहा. त्यांची कालगणना युद्धावरून नव्हती, सुटकेवरून होती. ‘युद्धोत्तर’ हा शब्द संगणकावर शोधा, प्रत्येक जागी कुठल्या आणि कुणाच्या हे विचारा, आणि उरला तर राहू द्या. नमुन्याच्या चाळीस पानांत मला तो एकतीस वेळा सापडला. त्यातल्या दोन जागा मी तशाच ठेवल्या आहेत; दोन्ही ठिकाणी लेखक जगातल्या कुठल्याही युद्धाबद्दल बोलतोय.